देवाची जमीन आणि कसणारे हात

संकष्टी चतुर्थी मंगळवारी आली आणि अंगारकीचा योग साधला, की मोरगाव, थेऊर, सिद्धटेक, रांजणगाव, ओझर, लेण्याद्री, महाड आणि पाली या आठ गावांकडे जाणारे रस्ते गर्दीने ओसंडून वाहू लागतात. एस. टी.च्या गाड्या, यात्रा कंपन्यांच्या बसगाड्या, मोटारी, दुचाक्या आणि अजूनही पायी निघणारी काही मंडळी असा हा ओघ असतो. दोन दिवसांत आठही स्थाने उरकून यात्रेकरू प्रसादाची पुडी घेऊन घरी परततो. बसच्या खिडकीतून त्याला वाटेवरची ऊस-ज्वारीची शेते दिसतात. या देवस्थानांना शतकानुशतके इनामी जमिनी आहेत, सातबाराच्या उताऱ्यावर त्या जमिनींचा मालक म्हणून देव उभा आहे आणि त्या कसणारा माणूस तीन-तीन पिढ्या ‘देवाचे कूळ’ म्हणून खालच्या रकान्यात पडून आहे, याची त्याला सहसा कल्पना नसते. मग त्याबद्दल चाड वाटण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. परंतु जो पक्ष ‘कसेल त्याची जमीन’ ही घोषणा गेली सात दशके देत आला आहे, त्याच्या कार्यकर्त्याला ही अनभिज्ञता परवडणारी नाही. देवस्थान इनामे खालसा करण्याच्या कायद्याची चर्चा राज्यात अलीकडे पुन्हा सुरू झाल्यामुळे तर या प्रश्नाचा मुळापासून विचार करणे अगत्याचे झाले आहे.

प्रारंभीच एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. हा प्रश्न श्रद्धा आणि अश्रद्धा यांच्यातला नाही. महाराष्ट्रातील समाजवादी चळवळीने भाविक माणसाची टवाळी कधी केली नाही, आणि जेव्हा काहींनी ती केली तेव्हा चळवळीचेच नुकसान झाले. साने गुरुजींनी मे १९४७ मध्ये पंढरपूरला उपोषण आरंभिले, ते मंदिर बंद पाडण्यासाठी नव्हते. ज्यांना त्या मंदिराच्या दाराबाहेर उभे केले जात होते, त्यांना ते दार उघडून देण्यासाठी होते. मंदिर ही समाजाची मालमत्ता आहे, ती मूठभरांच्या ताब्यात असता कामा नये, हे त्या सत्याग्रहाचे मर्म होते. तेच सूत्र पुढे नेले तर मंदिराच्या दारानंतर मंदिराच्या जमिनीचा आणि दानपेटीचा प्रश्न आपोआप समोर येतो.

गणपतीच्या या स्थानांचा इतिहास पाहिला, तर ती कोणा एका जातीची वा घराण्याची निर्मिती नाहीत, हे सहज ध्यानी येते. लेण्याद्रीचा गिरिजात्मज ज्या गुहेत आहे, तो मुळात बौद्ध भिक्षूंचा विहार आहे. सुमारे तीनशे पायऱ्या चढून जाणारा भाविक वर पोचतो तो भिक्षूंसाठी कोरलेल्या, मध्ये एकही खांब नसलेल्या प्रशस्त दालनात. मोरगावच्या मयूरेश्वराच्या मंदिराला चार कोपऱ्यांवर मिनारांसारखे मनोरे आहेत, आणि दुरून पाहणाऱ्याला ते मशिदीसारखे भासते. सिद्धटेकचे मंदिर अहिल्याबाई होळकरांनी बांधविले. मुंबईत प्रभादेवीच्या सिद्धिविनायकाचे पहिले मंदिर १८०१ साली उभे राहिले ते देऊबाई पाटील या माटुंग्याच्या आगरी समाजातील स्त्रीच्या पैशातून. तिला स्वतःला मूलबाळ नव्हते; इतर स्त्रियांची कूस उजवावी, या भावनेने तिने ते बांधविले, असे सांगितले जाते. विहार कोरणारे पाथरवट, मनोरे रचणारे गवंडी, मराठा सरदार, धनगर राणी, आगरी विधवा वा सधवा, अशा सर्वांच्या हातांनी व धनाने जी स्थाने उभी राहिली, त्यांच्या मालमत्तेवर मात्र थोड्यांचा ताबा का राहावा, हा प्रश्न आहे.

या मालमत्तेचा मुख्य आधार म्हणजे इनाम. त्याचे सर्वांत बोलके उदाहरण चिंचवडच्या देवस्थानाचे आहे. मोरगावच्या गणपतीचे परमभक्त मोरया गोसावी चिंचवडला स्थायिक झाले आणि तेथेच त्यांनी समाधी घेतली. त्यांच्या वंशातील पुरुषांमध्ये गणपतीचाच अंश आहे, अशी श्रद्धा दृढ झाली आणि ‘देव’ हेच त्या घराण्याचे नाव पडले. एकामागून एक आलेल्या सत्तांनी या देवांना सनदा दिल्या. पेशवाईत तर गणपती हे राज्यकर्त्यांचेच आराध्य दैवत असल्याने या स्थानांचे वैभव वाढतच गेले. थेऊरच्या चिंतामणीच्या सान्निध्यात थोरले माधवराव पेशवे १७७२ च्या नोव्हेंबरात निवर्तले. १७३९ च्या वसईच्या विजयानंतर चिमाजी अप्पांनी ओझरच्या विघ्नेश्वराच्या शिखराला सोन्याचा मुलामा दिला. राजसत्ता देवाला गावे देत होती आणि देव राजसत्तेला प्रतिष्ठा देत होता, असा हा परस्परांच्या सोयीचा व्यवहार होता. सातव्या पुरुषानंतर, १८१० मध्ये, चिंचवडच्या देवांचा थेट वंश खुंटला. देव संपले; इनामे मात्र राहिली. मोरगाव, थेऊर आणि सिद्धटेक या तीन स्थानांचा कारभार आजही चिंचवड देवस्थानाच्या विश्वस्तांकडे आहे.

येथे इनाम या शब्दाचा नेमका अर्थ समजून घेणे आवश्यक आहे, कारण पुढचा सारा घोळ या शब्दाभोवती आहे. राजाने एखादे गाव देवाला इनाम दिले, म्हणजे त्या गावची माती त्याने देवाला दिली, असे प्रत्येक वेळी घडलेले नाही. पुष्कळ सनदांनी दिला तो महसूल गोळा करण्याचा हक्क. जो सारा सरकारात भरायचा तो देवस्थानाकडे भरावा, इतकाच त्याचा आशय होता. जमीन कसणारा त्याआधीही तेथे होता, मिरासदार म्हणून होता, उपरी म्हणून होता, आणि सनद आल्यानंतरही तोच नांगर धरीत होता. काही सनदा खुद्द जमिनीच्याही होत्या, हे खरे. परंतु इंग्रजी अमदानीत इनाम कमिशनची चौकशी झाली, दफ्तरे रंगली, आणि महसुलाचा हक्क व जमिनीचा हक्क यांतली सीमारेषा अनेक ठिकाणी पुसट झाली. देवस्थान इनामे ‘वर्ग तीन’ म्हणून नोंदली गेली, ती हस्तांतरित करता येणार नाहीत असे ठरले, आणि वसुलाचा अधिकारी व्यवहारात जमिनीचा मालक होऊन बसला. १९२५ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने हिंदू देवमूर्ती ही कायद्याच्या दृष्टीने व्यक्ती असल्याचे तत्त्व ठामपणे मांडले. त्यामुळे देवाला मालमत्ता धारण करता येते, दावा लावता येतो. अडचण एवढीच, की देव स्वतः न्यायालयात येत नाही. त्याच्या वतीने जो येतो, त्याचे हितसंबंध देवाचे की त्याचे स्वतःचे, हे तपासण्याची यंत्रणा दुबळी राहिली.

स्वातंत्र्यानंतर जमीनसुधारणेचे कायदे झाले, तेव्हा हा दोष दूर होण्याची संधी होती. १९४८ चा मुंबई कूळवहिवाट व शेतजमीन कायदा आणि त्यातील १९५६ ची दुरुस्ती यांनी १ एप्रिल १९५७ हा ‘कृषक दिन’ ठरविला. त्या दिवशी, काही अपवाद सोडता, कसणारे कूळ कायद्याने जमिनीचे खरेदीदार मालक मानले गेले. त्या कायद्याची अंमलबजावणी किती लंगडी झाली आणि किती कुळांना त्याआधीच ‘राजीखुशीने’ जमिनी सोडायला लावल्या गेल्या, हा स्वतंत्र विषय आहे. तरीही लक्षावधी कुटुंबांना त्या कायद्याने मालकीचा आधार दिला, हे नाकारता येणार नाही. परंतु याच कायद्यात ‘८८ ब’ हे कलम आहे. सार्वजनिक पूजेच्या संस्था, शैक्षणिक विश्वस्त निधी, रुग्णालये, पांजरपोळ व गोशाळा यांच्या जमिनींना त्याने खरेदीहक्काच्या तरतुदींतून सूट दिली. वैयक्तिक इनामे नष्ट करणाऱ्या १९५२ च्या कायद्यानेही देवस्थान इनामे वगळली. जहागीरदार गेले, वतने गेली, खोती गेली. देवाची जमीनदारी तेवढी शाबूत राहिली.

याचा परिणाम काय झाला, हे समजायला आकडेमोडीची गरज नाही. एकाच गावात, एकाच बांधाच्या दोन बाजूंना दोन कुळे आहेत, असे घटकाभर धरून चाला. एकाच्या जमिनीचा मालक सावकार होता. १९५७ नंतर ते कूळ मालक झाले, त्याने विहीर खणली, सोसायटीचे कर्ज काढले, मुलांच्या नावे जमीन लावली. दुसऱ्याच्या जमिनीचा मालक विघ्नहर्ता होता. ते कूळ कूळच राहिले. जमीन हस्तांतरित होत नसल्यामुळे तिच्या तारणावर कर्ज मिळणे अवघड, मालकीची शाश्वती नसल्यामुळे विहिरीत वा बांधबंदिस्तीत पैसा घालण्याची छाती नाही, आणि कालव्यासाठी वा रस्त्यासाठी जमीन संपादन झालीच, तर मोबदला कोणाचा, देवस्थानाचा की कुळाचा, हा वाद प्रांताच्या कचेरीपासून वर न्यायालयापर्यंत. सावकाराच्या कुळाला जे मिळाले ते देवाच्या कुळाला नाकारले गेले. ज्या दैवताला सगळा महाराष्ट्र संकटे निवारणारा म्हणून हात जोडतो, त्याचेच कूळ असणे हे कायद्याने संकट ठरावे, यासारखी विसंगती दुसरी नसेल.

सूट देताना जो युक्तिवाद केला गेला तो सर्वस्वी त्याज्य नव्हता. या जमिनींचे उत्पन्न कोणा एकाच्या घरात जात नाही, ते दिवाबत्ती, पूजाअर्चा, अन्नदान अशा सार्वजनिक कामी लागते, म्हणून ते टिकवावे, असा तो होता. म्हणूनच कलमाने दोन अटी घातल्या: संस्था १९५० च्या सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था कायद्याखाली नोंदलेली असावी, आणि जमिनीचे संपूर्ण उत्पन्न विश्वस्तव्यवस्थेच्या उद्दिष्टांसाठीच खर्च होत असावे. तसे प्रमाणपत्र जिल्हाधिकाऱ्याने द्यावयाचे. परंतु अर्थशास्त्राच्या कसोटीवर हा युक्तिवाद कितपत टिकतो? याच कायद्याने खंडाची कमाल मर्यादा आकाराच्या पाचपट किंवा एकरी वीस रुपये, यांपैकी जी कमी ती ठरविली, आणि खंडाबाबतचे हे कलम देवस्थानच्या जमिनींनाही लागू ठेवले. १९५० च्या दशकातील वीस रुपयांना काही मोल होते. आज त्या रकमेत देवापुढे एक नारळदेखील फुटत नाही. म्हणजे ज्या उत्पन्नाच्या रक्षणासाठी कुळाचा हक्क नाकारला गेला, ते उत्पन्न भाववाढीने केव्हाच गिळून टाकले. देवस्थानाला खंडातून काही मिळत नाही, कुळाला मालकी मिळत नाही. मग ही व्यवस्था टिकून आहे ती कोणाच्या हितासाठी?

त्याचे उत्तर पुणे शहराच्या सीमेवर मिळते. चिंचवड हे आता खेडे नाही, लक्षावधी लोकवस्तीच्या महानगराचे अंग आहे. हवेली तालुक्यातील थेऊरच्या दिशेने शहर सरकत चालले आहे. रांजणगाव गणपतीच्या शेजारी महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची मोठी वसाहत उभी आहे, आणि तेथे कंत्राटावर राबणाऱ्या तरुणांच्या खोल्यांनी आसपासची गावे भरून गेली आहेत. अशा ठिकाणी एकरी वीस रुपये खंडाच्या जमिनीचा बाजारभाव कोटींत बोलला जातो. रिकार्डोपासून अर्थशास्त्र सांगत आले आहे, की जमिनीच्या किमतीतील अशी वाढ ही कोणाच्या कष्टाची कमाई नसते. रस्ता, वीज, पाणी, कारखाना आणि वस्ती यांमुळे, म्हणजे सर्व समाजाच्या खर्चाने आणि श्रमाने ती होते. ही अनर्जित वाढ कोणाच्या खिशात जावी, हा आजचा खरा झगडा आहे. विश्वस्तांना मोह होतो तो कुळाला हटवून जमीन बिगरशेती करण्याचा व दीर्घ मुदतीच्या पट्ट्याने देण्याचा; कुळाला मोह होतो तो कागदावर नसलेला आपला ताबा साठेखताने वा मुखत्यारपत्राने विकून मोकळे होण्याचा. दोघांच्या मध्ये दलाल उभा असतो, आणि व्यवहार कोणत्याही बाजूने झाला तरी त्याचे नुकसान होत नाही. शेतजमीन दहा वर्षांहून अधिक आणि इतर जमीन तीन वर्षांहून अधिक मुदतीने पट्ट्याने देण्यास, तसेच कोणतीही स्थावर मालमत्ता विकण्यास, धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते, असे १९५० च्या कायद्याचे ३६ वे कलम सांगते. कलम चांगले आहे. पण ज्या परवानगीच्या अर्जाची खबर जमीन कसणाऱ्याला लागत नाही, तिच्यापासून त्याचे संरक्षण कसे होणार?

जमिनीचा प्रश्न ग्रामीण स्थानांचा, तर दानपेटीचा प्रश्न शहरी स्थानांचा. प्रभादेवीच्या सिद्धिविनायकाचे वार्षिक उत्पन्न आज शंभर कोटी रुपयांच्या पुढे गेले आहे. येथे खासगी विश्वस्तांच्या हाती कारभार नको, म्हणून शासनाने १९८० मध्ये खास कायदा केला आणि व्यवस्थापन समिती नेमण्याचा अधिकार स्वतःकडे घेतला. अनेकांनी त्या वेळी हे समाजवादी पाऊल मानले. पुढचा अनुभव मात्र असा, की समितीचे अध्यक्षपद हे सत्तारूढ पक्षाच्या मर्जीतील माणसाची सोय लावण्याचे ठिकाण झाले. सत्ता बदलली की अध्यक्ष बदलतात. देणग्यांच्या वाटपाविषयी तक्रारी झाल्या, उच्च न्यायालयात जनहित याचिका झाली आणि २००६ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती टिपणीस यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली गेली. देणगीसाठी संस्था निवडताना निश्चित तत्त्व वा पद्धत पाळली जात नाही, विश्वस्तांची किंवा मंत्री-पुढाऱ्यांची शिफारस हाच निकष ठरतो, असा तिच्या निष्कर्षाचा रोख होता. गरीब रुग्णांना या निधीतून मदत मिळते ही चांगलीच गोष्ट आहे. परंतु ती मदत हक्काने मिळावी की कोणाच्या चिठ्ठीने, यात लोकशाही आणि दरबार यांच्याइतके अंतर आहे.

या अनुभवातून समाजवाद्यांनी एक धडा घेणे जरूर आहे. सरकारीकरण म्हणजे समाजीकरण नव्हे. बडवे-उत्पातांचे वंशपरंपरागत हक्क १९७३ च्या पंढरपूर मंदिरे कायद्याने रद्द झाले, आणि चार दशकांच्या कज्जेदलालीनंतर जानेवारी २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले. ते योग्यच झाले. पण पुजाऱ्याच्या जागी मंत्र्याचा माणूस बसला, एवढ्याने विठोबा किंवा गणपती लोकांचा होत नाही. ज्यांच्या दहा-दहा रुपयांनी दानपेटी भरते, त्यांना हिशेब पाहता येतो का, आणि ज्यांच्या घामाने देवाची जमीन पिकते, त्यांना कारभारात आवाज आहे का, या दोन प्रश्नांची उत्तरे होकारार्थी आली तरच समाजीकरण झाले असे म्हणता येईल.

आता प्रस्तावित कायद्याकडे वळता येते. देवस्थान इनामे खालसा करावीत, या मागणीला समाजवाद्यांचा पाठिंबाच असला पाहिजे. परंतु ‘खालसा’ या शब्दाने हुरळून जाण्यात धोका आहे. इनाम खालसा करून जमिनीवरील निर्बंध उठविले, पण कसणाऱ्याची निश्चिती नीट केली नाही, तर मुक्त होईल ती जमीन, कूळ नव्हे. आणि मुक्त झालेली जमीन कोणाकडे धावत जाईल, हे पुण्याच्या वेशीवर राहणाऱ्यांना सांगायला नको. महानगराजवळच्या जमिनींवर वर्षानुवर्षे झालेले बेकायदा व्यवहार नजराणा भरून नियमित करून घेण्याचा राजमार्ग या कायद्याने उघडला, तर ती जमीनसुधारणा नसून दलालीला दिलेली सनद ठरेल.

म्हणून कायद्यात काही गोष्टी असल्याच पाहिजेत. पहिली, प्रत्येक गावच्या देवस्थान जमिनीची यादी ग्रामसभेत जाहीरपणे वाचली जावी, आणि सनद महसुलाची होती की जमिनीची, हे मूळ कागदांवरून ठरवावे. जेथे सनद केवळ महसुलाची होती, तेथे जमीन कसणाऱ्याचीच आहे. तिची किंमत त्याच्याकडून घेण्याचे कारण नाही. दुसरी, जेथे जमीन खरोखर देवस्थानाची आहे, तेथे प्रत्यक्ष कसणाऱ्या कुटुंबाला हप्त्यांनी फेडता येईल अशा किमतीत, पती-पत्नी दोघांच्या नावे मालकी द्यावी. विधवा आणि परित्यक्ता स्त्रिया अनेक ठिकाणी शेत कसतात, पण सातबारावर नाव दिराचे असते; त्यांचा हक्क आधी नोंदवावा. तिसरी, अशा प्रकारे मिळालेली जमीन पुढे बिगरशेती झाली किंवा विकली गेली, तर किमतीतील अनर्जित वाढीचा मोठा वाटा सार्वजनिक निधीत यावा, आणि त्या निधीतून त्याच तालुक्यातील भूमिहीनांची घरे व पाण्याच्या योजना व्हाव्यात.

यावर आक्षेप येईल, की मग देवाच्या दिवाबत्तीचे काय? हा आक्षेप झिडकारून चालणार नाही. सिद्धिविनायकाला जमिनीच्या उत्पन्नाची गरज नसेल. पण खेड्यातले एखादे लहान गणपतीचे वा मारुतीचे देऊळ, त्याचा गुरव आणि सणावाराचा प्रसाद यांचा आधार ती दोन एकर जमीनच असते. केरळ आणि कर्नाटक या राज्यांनी १९६९ ते १९७४ च्या दरम्यान देवस्थानांच्या कुळांनाही मालकी दिली, आणि त्याबदल्यात देवस्थानांना सरकारकडून कायमचे वर्षासन देण्याची तरतूद केली. महाराष्ट्राने जे अशक्य मानले ते शेजारच्या राज्यांनी करून दाखविले, हे आधी मान्य केले पाहिजे. त्याचबरोबर त्या प्रयोगातील उणीवही पाहिली पाहिजे. रुपयांत बांधलेले वर्षासन भाववाढीपुढे टिकत नाही, आणि त्यात भरडला जातो तो लहान देवळाचा गरीब पुजारी. एकरी वीस रुपयांच्या खंडाने जी चूक इथे केली, तीच चूक वर्षासनाच्या रूपाने पुन्हा होऊ नये. वर्षासन किंमत निर्देशांकाशी जोडावे, आणि त्याचा भार उचलण्यासाठी मोठ्या देवस्थानांच्या उत्पन्नाचा ठराविक हिस्सा एका समान निधीत यावा. प्रभादेवीच्या गणपतीने आडगावच्या गणपतीचा दिवा तेवत ठेवावा, यात कोणत्याही भाविकाला वावगे वाटण्याचे कारण नाही.

चौथी गोष्ट हिशेबाची. प्रत्येक नोंदणीकृत देवस्थानाचा वार्षिक जमाखर्च साध्या मराठीत, मंदिराच्या सभामंडपातच, येणाऱ्या-जाणाऱ्याला वाचता येईल असा लावला जावा. त्यात दानपेटीची रक्कम असावी, जमिनींची यादी, त्यांचे पट्टे व खंड असावा, देणग्या कोणाला व कोणत्या निकषावर दिल्या हे असावे, आणि झाडलोट करणारे, पहारा देणारे, स्वयंपाक करणारे जे कामगार मंदिरात राबतात, त्यांना काय वेतन मिळते, तेही असावे. विश्वस्त मंडळावर मंत्रिमंडळाच्या मर्जीऐवजी ग्रामसभेचे, कामगारांचे आणि भाविकांचे निवडलेले प्रतिनिधी यावेत, आणि त्यांत स्त्रियांना निम्म्या जागा असाव्यात. ज्या देवळाचा पहिला पैसा देऊबाईने दिला, त्याच्या कारभारात स्त्रियांना जागा मागावी लागू नये.

कायदा होईल तेव्हा होईल. कार्यकर्त्यांना आजही करण्यासारखे पुष्कळ आहे. आपापल्या तालुक्यात देवस्थान इनाम वर्ग तीनच्या जमिनी किती, याचे उतारे तलाठ्याकडून काढावेत. ‘८८ ब’खालील प्रमाणपत्र खरोखरच दिले गेले आहे का, आणि संपूर्ण उत्पन्न उद्दिष्टांसाठी खर्च होते ही त्याची अट आजही पाळली जाते का, हे तपासावे, अट मोडली असेल, तर सुटीला आव्हान देण्याचा मार्ग कुळांना दाखवावा. विश्वस्तव्यवस्थेची नोंद व वार्षिक हिशेब धर्मादाय कार्यालयात पाहावेत. जमीन विकण्याचा वा पट्ट्याने देण्याचा अर्ज दाखल झाला असेल, तर त्याची माहिती कुळांपर्यंत वेळेत पोचवावी. कुळांनाही एक गोष्ट समजावून सांगितली पाहिजे, की साठेखताने आज हाती आलेले चार पैसे उद्याची मालकी बुडवितात. हे काम सभा-संमेलनाइतके दिपवणारे नाही. कचेरीत खेटे घालावे लागतील, जुने मोडी कागद वाचणारा माणूस शोधावा लागेल, ‘तुम्ही देवाच्या विरुद्ध आहात’ हा आरोप चावडीवर ऐकून घ्यावा लागेल.

त्या आरोपाला उत्तर तर्काने देण्यापेक्षा वागण्याने देणे बरे. भाद्रपदात आणि माघात चिंचवडहून मोरगावला पालखी निघते, तेव्हा वाटेवरच्या गावांतील कष्टकरीच तिचे स्वागत करतात, वाटचालीला पाणी देतात, भाकरी देतात. त्यांच्या भक्तीत खोट काढण्याचा अधिकार कोणालाही नाही. त्या माणसांत बसून, त्यांच्या देवाचा मान राखून, त्यांच्याच जमिनीचा उतारा त्यांना वाचून दाखविणे, हे समाजवादी कार्यकर्त्याचे काम आहे. १९५७ च्या कृषक दिनाला ज्यांच्या दारावरून कायदा पुढे निघून गेला, त्यांची तिसरी पिढी आज नांगरामागे उभी आहे. चौथ्या पिढीला तरी तो दिवस पाहता यावा, इतके काम या यात्रांच्या वाटेवर झाले पाहिजे.